चारकोपच्या वाऱ्यावर किती निशाणं!

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा आणि राज्यफूल ताम्हण. २०१५ मध्ये ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखरू ठरवून महाराष्ट्राने देशात पहिला नंबर पटकावला. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल लावलेलं आणि शाहीर साबळे यांनी गाजवलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं. एवढा सगळा थाट आहे, फक्त झेंडा तेवढा नाही! महाराष्ट्राला अधिकृत राज्यध्वजच नाही.

आणि इथे चारकोपमध्ये कुठल्याही सेक्टरच्या नाक्यावर उभं राहून मान वर करा. देवळाच्या कळसावर भगवा, विहारावर पंचशील, चौकात निळा, रिक्षा स्टँडवर आणखी एखादा. खाडी ओलांडून गोराईला गेलात तर होड्यांच्या डोलकाठ्यांवर रंगीबेरंगी फडकी. सरकारी कागदावर एकही नाही आणि वाऱ्यावर मात्र डझनभर. यातल्या प्रत्येकाची एक भन्नाट गोष्ट आहे. त्या गोष्टी माहीत असल्या की रोजचा रस्तासुद्धा वेगळा दिसायला लागतो.

दोन टोकांचा रुबाब

मराठी माणसाच्या मनातला झेंडा म्हणजे भगवा, टोकाला दुभंगलेला. चौकोनी झेंडे जगात पैशाला पासरी आहेत, पण दोन टोकांचं निशाण वाऱ्यावर असं सळसळतं की लांबूनही ओळखू यावं. धुळीने भरलेल्या रणांगणावर हीच गोष्ट लाखमोलाची. निशाण दिसतंय तोवर फौज उभी आहे, निशाण पडलं की पळापळ.

जगातल्या देशांमध्ये चौकोनी नसलेला राष्ट्रध्वज एकट्या नेपाळचा. आणि अमेरिकेच्या पन्नास राज्यांमध्ये आपल्यासारखं दुटोकी निशाण आहे फक्त ओहायोचं, १९०२ पासूनचं. ओहायोत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे शेजाऱ्यांना जरूर सांगावं.

भगवा रंग आला तो संन्याशाच्या वस्त्रांचा आणि वारकऱ्याच्या पताकेचा. समर्थ रामदासांनी आपल्या छाटीचा तुकडा शिवाजी महाराजांना निशाण म्हणून दिला, ही आख्यायिका तर लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते. आख्यायिका आहे, तेव्हा ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. पण तिच्यातली कल्पना मोठी आहे: राज्य राजाच्या मालकीचं नाही, ते विरक्ताच्या वस्त्राखाली चालवायचं.

या भगव्याचा शाही अवतार म्हणजे जरीपटका. जरीकामाने मढवलेलं हे निशाण कुणी उठून उभारावं असं नव्हतं. छत्रपतींनी सेनापतीला, पुढे पेशव्यांना तो मान दिला. जरीपटका हत्तीवर चाले, सोबत नगारा वाजे. ज्या फौजेत जरीपटका, ती फौज छत्रपतींची.

रायगडावरचे मासे आणि तराजू

६ जून १६७४ चा राज्याभिषेक. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर राजचिन्हं होती. उजवीकडे मोठे दात असलेली सोन्याची दोन मोठी माशांची तोंडं. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंची भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी बरोबर समान. समुद्र, घोडदळ आणि न्याय! राज्य कशावर उभं आहे हे एकही शब्द न बोलता दरबारात सांगून झालं. असा नेमका चिन्हविचार आजच्या कुठल्या बोधचिन्हात दिसत असेल तर दाखवा.

अटकेला लागला, खडकीला मोडला

'अटकेपार झेंडे' हा वाक्प्रचार आपण कुणाचा मुलगा परदेशात नोकरीला लागला तरी वापरतो. मूळ गोष्ट १७५८ ची. राघोबादादांच्या फौजा त्या एप्रिलमध्ये लाहोरात शिरल्या आणि मराठी तुकड्या पुढे सिंधू नदीवरच्या अटकेपर्यंत पोचल्या. पुण्याहून अटक म्हणजे आजच्या पाकिस्तानच्याही पार वायव्य कोपऱ्यात. घोड्यावरून!

शेवट मात्र जिव्हारी लागणारा. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. पेशव्यांची फौज शहराबाहेर पडत असतानाच जरीपटक्याची काठी मोडली. लोकांच्या मनात चर्र झालं. त्याच दिवशी मोर दीक्षित हा सरदार तोफेच्या गोळ्याने पडला. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचा युनियन जॅक चढला. त्या कामात पुढे होते इंग्रजांना मिळालेले बाळाजीपंत नातू. दोनशे वर्षं झाली, तरी पुणेकर हे नाव विसरलेले नाहीत. झेंडा कुणी उतरवला हेही माणसं इतकं लक्षात ठेवतात.

आपल्याच पायाखालची गोष्ट

आता जरा चारकोपकडे. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की चारकोपचा इतिहास म्हाडाच्या प्लॉटपासून सुरू होतो. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने इथे छोटे प्लॉट पाडले गेले, सेक्टर आखले गेले, आणि गावठाणाच्या भोवती नवं उपनगर उभं राहिलं, हे खरंच. पण ही जमीन साष्टी बेटाची आहे आणि साष्टीने झेंडे बदलताना जितके पाहिलेत तितके मुंबईच्या कोटानेही पाहिले नसतील.

आधी गुजरातचा सुलतान. १५३४ मध्ये बहादूरशहाने तहात वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढे दोनशे वर्षं पोर्तुगालचं निशाण. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर चर्चचे जे अवशेष दिसतात ते या काळातले. खाली शिवाचं लेणं, वर चर्चच्या भिंती. चारकोपहून रिक्षाने जाता येतं, आणि तरी अर्ध्या लोकांनी ते पाहिलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीवर भगवा आला. पण वसई बाकी होती. चिमाजी आप्पांनी दोन वर्षं मोहीम चालवली. भाईंदरजवळच्या डोंगरीवरचा धारावीचा किल्ला वसईच्या खाडीच्या तोंडावर, म्हणून त्यासाठी रक्तरंजित झुंजी झाल्या. तो १७३९ च्या मार्चमध्ये हाती आला आणि मे महिन्यात वसई पडली. गोराईच्या वाटेने उत्तनच्या पुढे गेलात की ही डोंगरी लागते. मासळी सुकत घातलेल्या त्या रस्त्यावर थांबून समोरची खाडी बघा. पलीकडे वसई. या टेकडीवर कुणाचं निशाण आहे यावर पलीकडच्या किल्ल्याचं भवितव्य ठरत होतं.

साष्टीवरचा भगवा सदतीस वर्षं टिकला. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. गंमत बघा, तेव्हाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं निशाण असे, कोपऱ्यात ब्रिटिश चिन्ह. त्याच सुमारास कंपनीच्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकणाऱ्या अमेरिकनांनी लढ्यासाठी पहिला झेंडा उभारला, तो हुबेहूब तसाच! पुढे कोपऱ्यातलं ब्रिटिश चिन्ह काढून त्यांनी तारे बसवले, पट्टे मात्र आजतागायत आहेत.

झेंड्यावर कुलचा

मराठवाड्यातून चारकोपला येऊन स्थायिक झालेली कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्या आजोबांनी शाळेत पाहिलेला झेंडा वेगळाच होता: पिवळा, मध्ये पांढरी चकती. हैदराबादच्या निजामाचा. ही चकती म्हणजे चक्क कुलचा, गव्हाची रोटी. कथा अशी सांगतात की आसफजाही घराण्याचा मूळपुरुष औरंगाबादच्या हजरत निजामुद्दीन या सूफी संताकडे गेला. संतांनी पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे पुढे केले. भुकेल्या पाहुण्याने सात खाल्ले. संत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. म्हणून झेंडा पिवळा आणि त्यावर कुलचा. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि तो झेंडा उतरला. शेवटचा निजाम गादीच्या क्रमात सातवा, ही कथेची सगळ्यात चविष्ट बाजू.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राजचिन्हात नाग आहे. मूळपुरुष उन्हात झोपला असताना नागाने फणा काढून सावली धरली, अशी त्यांची कथा. मराठी सरदार जिथे गेले तिथे निशाणाला नवी गोष्ट जोडत गेले.

अष्टकोन समुद्रावर निघाला

२ सप्टेंबर २०२२. कोचीत आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली आणि त्याच सोहळ्यात नौदलाचा नवा ध्वज आला. पांढऱ्या कापडावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस ही ब्रिटिश आरमाराची खूण. स्वातंत्र्यानंतरही ती आपल्या युद्धनौकांवर राहिली होती. २००१ मध्ये काढली, २००४ मध्ये पुन्हा आली, आणि २०२२ मध्ये गेली. तिच्या जागी निळा अष्टकोन बसला, सोनेरी दुहेरी किनारीचा, आत नांगर. हा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. आठ बाजू म्हणजे आठ दिशा. ज्या राजाने कल्याण-भिवंडीच्या खाडीत गलबतं बांधायला सुरुवात केली, त्याच्या मुद्रेचा आकार आज भारताच्या प्रत्येक युद्धनौकेवर फडकतो. राज्यध्वज नसलेल्या महाराष्ट्राला आणखी काय हवं!

वेगळा राज्यध्वज हवा का?

जम्मू-काश्मीरला स्वतःचा झेंडा होता, लाल, त्यावर शेतीचा नांगर आणि तीन पट्टे. तो २०१९ पर्यंत टिकला. कर्नाटकात १९६० च्या दशकापासून पिवळा-लाल झेंडा लोकांनी आपलासा केला. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने मध्ये पांढरा पट्टा आणि गंडभेरुंड पक्षी घालून नवा नमुना जाहीर केला, पण केंद्राची मंजुरी मिळाली नाही. १ नोव्हेंबरला कर्नाटकात पिवळा-लाल झेंडाच मिरवतो. त्याच दिवशी बेळगावचा मराठी माणूस १९५६ पासूनचं दुःख घेऊन काळं निशाण हातात धरतो. एका शहरात, एका दिवशी दोन निशाणं.

मला विचाराल तर महाराष्ट्राने गॅझेटातला राज्यध्वज मागू नये. भगवा पंढरीच्या वाटेवरच्या शेतकऱ्याचा आहे, जोतिबाच्या भक्ताचा आहे, बेळगाव, बडोदा आणि तंजावरच्या मराठी माणसाचाही आहे. मापं ठरवून, रंगाचा नंबर देऊन तो एका सचिवालयाच्या ताब्यात गेला तर लहान होईल.

देवाघरचे झेंडे

वारीची दिंडी नीट पाहिलीत तर पुढे पताकावाले, मग टाळकरी, मग विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, अशी रांग लागते. माउलींच्या पालखीबरोबर दोन घोडे असतात. एकावर स्वार नसतो, तो माउलींचा. दुसऱ्यावरच्या स्वाराच्या हातात जरीपटका. हे अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. सीमा कागदावर राहते, घोडे दरवर्षी येतात.

कोल्हापूरजवळ जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात. तीस-चाळीस फुटांची काठी, वर निशाण, चारी बाजूंनी दोर ताणून धरलेले, आणि मधला गडी ती पेलत नाचतो. गुलालाने माणूस ओळखू येत नाही. पहिल्या काठीचा मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा.

पण धाडसात पहिला नंबर सप्तशृंगगडाचा. देवीच्या डोंगराच्या शिखरावर वर्षातून दोनदा, चैत्रोत्सवात आणि नवरात्रात, रातोरात ध्वज लागतो. शिखरावर जायला धड वाट नाही, सरळ कडा आहे. हा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. सकाळी भाविक वर बघतात तर ध्वज फडकत असतो.

गुढीपाडव्याच्या गुढीलाही ब्रह्मध्वजच म्हणतात. चारकोपच्या लोकांना आठवत असेल, आपल्या भागातून जाणाऱ्या मेट्रो २अ चा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ ला सुरू झाला, तो पाडव्याचाच दिवस.

निळा, पंचरंगी आणि लाल

१४ एप्रिलला विहारांवर जो पंचशील ध्वज नव्याने लागतो तो तयार झाला १८८५ मध्ये, कोलंबोत. त्याला आजचं सुटसुटीत माप देण्यात हात होता हेन्री स्टील ऑल्कॉट या अमेरिकन कर्नलचा. हे कर्नलसाहेब १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि आधी गिरगावात राहिले होते! निळा मैत्री-करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, लाल मंगलाचा, पांढरा शुद्धतेचा, केशरी प्रज्ञेचा. आणि सहाव्या पट्ट्यात पाचही रंग एकत्र, म्हणजे बुद्धाच्या प्रभेचं तेज. पुढच्या वेळी कडेचा तो सहावा पट्टा मुद्दाम बघा, बहुतेकांच्या नजरेतून तो निसटतो. निळा झेंडा वेगळा. तो समता सैनिक दल आणि १९४२ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या चळवळीतून घरोघरी पोचला.

आणि लाल! गिरणगावातून कांदिवली-चारकोपला आलेल्या घरांना हा सांगायला नको. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये आपल्या कलापथकाला नावच 'लाल बावटा' दिलं.

कापड नसलेला बावटा

मनोरी-गोराईच्या कोळ्यांना विचारा, पावसाळी हवा बिघडली की ते म्हणतात, "तीन नंबरचा बावटा लागलाय, होडी काढू नको." हा बावटा कापडाचा नसतो. बंदरावरच्या खांबावर दिवसा शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. एकूण अकरा इशारे आहेत. तीन म्हणजे वादळी वाऱ्याची सूचना, दहा म्हणजे महासंकट, आणि अकरा सगळ्यात भयंकर: हवामान केंद्राशी संपर्कच तुटला! आता मोबाइलवर संदेश येतो, पण आकडे तेच राहिले.

तिरंग्याची मराठी वळणं

२२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत मुंबईत जन्मलेल्या मॅडम भिकाईजी कामांनी भारताचा झेंडा फडकवला. वर हिरव्या पट्ट्यात आठ कमळं, मध्ये 'वन्दे मातरम्', खाली लाल पट्ट्यात सूर्य आणि चंद्रकोर. हा झेंडा इंदुलाल याज्ञिक यांनी लपवून भारतात आणला आणि तो आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. पुण्याला जाल तेव्हा खरेदीतून अर्धा तास काढा.

१९२३ मध्ये नागपुरात सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला बंदी झाली. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह उभा राहिला, विनोबाही तुरुंगात गेले. ऑगस्टमध्ये मिरवणूक त्याच रस्त्याने गेली.

ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते: १९३१ मध्ये काँग्रेसच्या ध्वज समितीने एकरंगी केशरी झेंडा आणि कोपऱ्यात चरखा, असा नमुना सुचवला होता. समितीत काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर होते. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत तो मागे पडला आणि तिरंगा ठरला. निर्णय मुंबईतच झाला!

आता आपल्या अंगणातलं

चारकोपच्या म्हाडा सोसायट्यांची खरी श्रीमंती म्हणजे घरांच्या मधलं मोकळं अंगण. १५ ऑगस्टला सकाळी तिथे एखादे काका आदल्या रात्रीच धुऊन इस्त्री केलेला झेंडा घेऊन बसतात. लांबीत घडी, आत झेंडूच्या पाकळ्या, मग गुंडाळी, आणि वरून अशी सरकगाठ की एका हिसक्यात सुटावी. केशरी पट्टा वरच आहे ना, हे ते पुन्हा एकदा उलगडून बघतात. ती गाठ मारायला एका पोराला शिकवून ठेवा, कारण काका काही दरवर्षी नसणार.

आणि एक विनंती. ध्वजसंहितेप्रमाणे कागदी झेंडासुद्धा जमिनीवर टाकायचा नसतो. फाटला, मळला तर तो खासगीत, मान राखून, पूर्ण नष्ट करायचा, शक्यतो जाळून. १६ ऑगस्टला सकाळी फिरायला निघाल तेव्हा सोबत एक कापडी पिशवी असू द्या. फुटपाथवर, गटाराच्या कडेला, रिक्षाच्या चाकाखाली जे छोटे झेंडे दिसतील ते उचला. तिरंगा असो, भगवा असो, निळा असो की पंचशील, सगळे उचला.